आईबरोबर चार दिवस: तुळजापूर ते माहूर

आमचे फोन साधारण चाळीस सेकंदांचे असतात. जेवलीस का, पोरगा बरा आहे का, बरं, ठेवते. बाबांना जाऊन दोन वर्षं झाली. ते होते तेव्हाही फार वेगळं नव्हतं, फक्त फोन ते उचलायचे. त्यामुळे नोव्हेंबरात एकदा 'ठेवते'च्या जागी 'मला तुळजापूर-माहूर करायचंय, गाडी तू चालवशील का' असं ऐकू आलं, तेव्हा मी आधी तब्येत विचारली.

तारखा तिनेच सांगितल्या. 29 डिसेंबर 2024 ला निघायचं, 1 जानेवारीला परत. मी म्हटलं, वर्षअखेरीची गर्दी असणार, आठवडाभर पुढे ढकलू. 'नको. हेच.' का, ते तिने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. आमच्या घरची रीतच तशी.

आई सत्तर वर्षांची, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेली, बार्शीत एकटी राहते. मी पुण्यात. बार्शी तशी सोलापूर जिल्ह्यात, म्हणजे कागदोपत्री मराठवाड्याबाहेर. पण गावातून पूर्वेला निघालं की थोड्याच वेळात धाराशिव जिल्हा लागतो, आणि आईचं माहेर औसा तालुक्यातलं. बाकी गाडी, लॉज वगैरे सगळं नीट पार पडलं, त्याबद्दल लिहीत बसत नाही.

पहिला दिवस: बार्शी ते तुळजापूर

दुपारी बार्शीत पोचले तर आई पिशवी घेऊन ओट्यावर बसलेली. शेजारच्या काकूंनी सांगितलं, अकरापासून बसल्यात. मी भेटले की थोडी पुढे होते, ती थोडी मागे सरकते, मग मी पिशवी उचलते. या वेळीही पिशवीच उचलली.

मी प्रवासासाठी जुनी भावगीतं भरून आणली होती. वैराग येईपर्यंत आई म्हणाली, 'आवाज कमी कर.' वैरागनंतर म्हणाली, 'बंदच कर.' मग दीड तास ज्वारी बघत गेलो. ज्वारी मात्र सुंदर होती. पोटऱ्यातून बाहेर पडलेली कणसं, मध्येच करडईचा पिवळा पट्टा, आणि बांधाबांधावर हुरड्याच्या पाट्या.

रविवार असल्यामुळे तुळजापुरात तोबा गर्दी. महाद्वारातून पायऱ्या खाली उतरत जातात, देवीला जाताना चढायचं नाही, उतरायचं. गुडघ्यांमुळे आई परतताना दर दहा पायऱ्यांनी थांबत होती. मी हात धरायला गेले की कठडा धरायची.

दर्शनाला अडीच तास लागले. रांगेत आमच्यामागे लोह्याकडच्या एक आजी होत्या. त्यांनी आईला पाच मिनिटांत सगळं विचारून घेतलं, आणि आईने सगळं सांगितलंही: साखर किती, निवृत्ती कधी, मालक कशाने गेले. बाबांच्या शेवटच्या रात्रीचं मी पहिल्यांदा तिथे ऐकलं, एका अनोळखी बाईच्या खांद्यावरून. त्यांनी पहाटे पाणी मागितलं होतं आणि आई गरम करायला गेली होती.

तुळजाभवानीची मूर्ती चल आहे. वर्षातून तीनदा ती सिंहासनावरून काढून पलंगावर निजवतात: नवरात्राआधी घोरनिद्रा, दसऱ्यानंतर श्रमनिद्रा आणि पौषात शाकंभरी नवरात्राआधी मोहनिद्रा. पुजाऱ्यांनी सांगितलं, मोहनिद्रा आता तोंडावर आलीय. आई म्हणाली, 'तिला तीनदा तरी रजा मिळते.' हा विनोद होता की तक्रार, हे मला बेचाळीसाव्या वर्षीही ओळखता येत नाही.

बाहेर चिंतामणी आहे, गोल गुळगुळीत दगड. मनात प्रश्न धरून दोन्ही हात त्यावर टेकायचे. दगड उजवीकडे फिरला तर होकार, डावीकडे फिरला तर नकार, जागचा हलला नाही तर काम होईल पण उशिरा. आईने चष्मा काढून माझ्याकडे दिला आणि हात टेकवले. बराच वेळ. रांगेतली माणसं चुळबुळायला लागली. दगड जागचा हलला नाही.

'काय विचारलंस?'

'तुला काय करायचंय?'

लॉजवर पहिलं भांडण झालं. तिने पाकीट उघडायच्या आत मी मोबाईलने पैसे देऊन टाकले. आईच्या मते मोबाईलने दिलेले पैसे कुणी दिलेलेच नसतात. शेवटी ठरलं की सध्या मी द्यायचे आणि ती वहीत लिहिणार. ही वही म्हणजे शाळेची जुनी टाचणवही, मागच्या कोऱ्या पानांवर हिशेब.

(तुळजापूरला मंगळवार, शुक्रवार, रविवार आणि पौर्णिमा शक्यतो टाळा. सकाळी लवकरचं दर्शन सगळ्यात सुखाचं. पायऱ्यांचा त्रास असलेलं माणूस बरोबर असेल तर परतीच्या चढाला अर्धा तास जास्तीचा धरा, आणि पाण्याची बाटली स्वतःजवळ ठेवा.)

दुसरा दिवस: औसा, लातूर, नांदेड

तुळजापूरहून औसा-लातूर-नांदेड असा सलग राष्ट्रीय महामार्ग आहे आणि तोच पुढे माहूरच्या पायथ्याजवळून जातो. सकाळी गारठा इतका की आईने मफलर कानावरून गुंडाळून घेतला होता. वाटेत नाश्ता करू म्हटलं तर एक हॉटेल बंद, दुसरं बंद, तिसऱ्याचं शटर अर्ध्यावर. रस्त्यावर मात्र ट्रॅक्टर, टमटम, मोटारसायकली, सगळ्यांवर बायकापोरं आणि डोक्यावर घोंगडीची खोळ घेऊन टोपल्या धरलेले बाप्ये.

'आज काय आहे?'

'येळवस,' आई म्हणाली. खिडकीबाहेर बघत.

वेळा अमावास्या. लातूर-धाराशिवकडचा हा सण बाहेरच्या लोकांना फारसा माहीत नसतो. शेजारच्या कर्नाटकातून आलेला आहे. मार्गशीर्ष अमावास्येला अख्खं गाव शेतावर जातं, कडब्याची कोप म्हणजे खोपटं उभं करतं, त्यात पाच दगडांचे पांडव मांडून पूजा होते आणि मग दिवसभर खाणं. जिल्ह्यात स्थानिक सुट्टी असते. शहरं ओस पडतात. म्हणजे 'हेच' ते यासाठी होतं.

औशाच्या अलीकडे आईने एका फाट्यावर वळायला सांगितलं. मातीचा रस्ता, बाभळी, एक कॅनॉल. मग 'थांब'. उतरली आणि बांधावर जाऊन उभी राहिली. ते शेत कधीकाळी आजोबांचं होतं. विकलं तेव्हा मी चौथीत होते, आता कुणाचं आहे हे तिलाही माहीत नव्हतं. लेक आणि नात म्हणून कुणाच्या तरी शेतात शिरायचं की नाही या विचारात आम्ही दोघी उभ्या, तोवर कोपीतून एका बाईने हाक मारली.

'आवं या की! हुबा का ऱ्हायलाव?'

आणि आईने जे उत्तर दिलं ते ऐकून मी तिच्याकडे बघतच राहिले. 'हितलीच हाव मी. माळावरल्या गुर्जीची लेक. शेत बगायला आलाव नुस्तं.' जिने माझ्या 'व्हतं'ला आयुष्यभर लाल शाईने 'होतं' केलं, पाहुण्यांसमोर 'हितं' म्हटलं म्हणून ज्या बाईने मला परत वाक्य बोलायला लावलं होतं, ती ही. तिच्या तोंडात ही भाषा कुठे होती इतकी वर्षं?

येळवसच्या दिवशी शेतावर आलेला माणूस उपाशी जात नाही. आम्हाला कोपीशेजारी पोत्यावर बसवलं. भज्जी ही या सणाची खरी राणी. ओला हरभरा, तुरीचे आणि वालाचे दाणे, वाटाणा, गाजर, पालेभाजी, चिंच, सगळं एकत्र शिजवून त्याला बेसन लावलेलं. वर कच्चं तेल. बरोबर बाजरीचे उंडे, तिळाची पोळी, गव्हाची खीर. आणि आंबील: ताकात आंबवलेलं ज्वारीचं पीठ, ठेचलेला लसूण, कोथिंबीर, मातीच्या भांड्यात गार झालेलं. मी एक वाटी घेतली. साखरवाल्या आईने तीन आंबिली आणि दोनदा खीर घेतली. मी काही बोलणार होते, पण तिने माझ्याकडे असं बघितलं की मी गाजर खाल्लं.

मग त्या घरातले दोघं भाऊ शेतात आंबील शिंपडत निघाले. पुढचा ओरडायचा 'ओलगे ओलगे', मागचे सगळे 'सालम पोलगे'. याचा अर्थ तिथे कुणालाच सांगता आला नाही, कानडी आहे म्हणाले. आई पदर तोंडाला लावून म्हणत होती. हसत होती का, ते पदरामुळे कळलं नाही.

पण मला त्या दिवसातलं वेगळंच काही लक्षात राहिलंय. त्या घरात आठ-नऊ वर्षांची एक मुलगी होती, नाक वाहणारी, एका वेणीची रिबीन सुटलेली. आईने तिला जवळ ओढलं, दोन गुडघ्यांत धरलं आणि वेणी घातली. घालता घालता हनुवटीला धरून तोंड वर केलं. 'कितवीला? बाई कोण हायत? मारत्यात का?' तो हात मी बघत होते. आठ वर्षांच्या पोरीचा हेवा वाटणं ही काही मिरवायची गोष्ट नाही, पण वाटला.

निघताना त्या बाईने भज्जीचा डबा भरून दिला. पैसे विचारायचा प्रश्नच नव्हता. गाडीत बसल्यावर आई वहीत काहीतरी लिहीत होती. मी वाकून बघितलं: 'येळवस, जेवण. 0.'

लातूर दुपारी तीनला संचारबंदी लागल्यासारखं. हे शहर असं रिकामं मी आधी कधी पाहिलं नव्हतं, आणि मी इथे दोन वर्षं काढलीत. दहावीनंतर, 1998 साली, 'लातूर पॅटर्न'च्या लाटेत मलाही इथे आणून टाकलं होतं. पहाटे क्लास, दिवसा कॉलेज, संध्याकाळी परत क्लास, कॉट बेसिसवर खोली, एका खोलीत सहा मुली. शनिवारी बार्शीच्या एसटीने डबा यायचा, कंडक्टरच्या हाती. फडक्यात बांधलेला, त्यावर तीन गाठी, इतक्या घट्ट की मी दातांनी सोडवायचे. आत धपाटी, शेंगाची चटणी, कधी करंज्या. चिठ्ठी कधीही नाही. बाकीच्या मुलींच्या आया दर महिन्याला यायच्या आणि खोलीवर मुक्काम करून डोक्याला तेल लावायच्या.

ट्यूशन एरियातून गाडी हळू नेली. त्या इमारतीच्या जागी आता चार मजली होस्टेल आहे. 'इथे होती माझी खोली,' मी म्हटलं. आई म्हणाली, 'बरं.' आईचं 'बरं' हा पूर्णविराम असतो.

(वेळा अमावास्येला लातूर-धाराशिव भागात असाल तर खाण्याचं काहीतरी जवळ असू द्या, कारण हॉटेलं बंद असतात. त्यापेक्षा कुणाच्या तरी शेतावर जा. नुसतं बांधावर उभं राहिलात तरी पुरतं. जाताना मुलांसाठी काहीतरी घेऊन जा, आम्ही रिकाम्या हाताने गेलो आणि ते मला अजून टोचतंय.)

नांदेडला पोचेस्तोवर अंधार. गुरु गोविंदसिंगजींनी 1708 साली इथेच देह ठेवला, त्या जागी सचखंड हजूर साहिब गुरुद्वारा आहे. रात्रीच्या दिव्यांत पांढरा संगमरवर आणि सोनेरी घुमट, आणि आत कीर्तन. आम्ही जवळच उतरलो होतो. लंगरमध्ये जेवल्यावर आई दिसेना. शोधलं तर ती स्वयंपाकात पंजाबी बायकांच्या ओळीत बसून रोट्या लाटत होती. एकीने तिची रोटी उचलून बघितली, जाड होती, आणि खदखदा हसली. आईने पुढची पातळ लाटली. तासभर मी भिंतीला टेकून बसले. तिला थांबवावंसं वाटलं नाही.

तिसरा दिवस: माहूर

नांदेडहून माहूर सव्वाशे-दीडशे किलोमीटर, तीन तास धरा. रस्ता हदगाववरून उमरखेड, महागाव असा विदर्भात शिरतो आणि धनोड्याजवळ पैनगंगा ओलांडून परत मराठवाड्यात येतो. माहूर नांदेड जिल्ह्यातच आहे, पण नकाशावर ते कोपऱ्यात लोंबतं. झाडी लागते, सागाची. सकाळच्या धुक्यात नदी दिसलीच नाही, नुसता पूल दिसला.

रेणुकेचा गड, दत्तशिखर आणि अनसूया, अशी तीन शिखरं आहेत. आम्ही आधी रेणुकेला गेलो. मंगळवार असूनही दर्शन पाऊण तासात झालं. इथे पूर्ण मूर्ती नाही. नुसतं मुख आहे, शेंदराने माखलेला भला मोठा तांदळा (मूर्तीऐवजी पुजतात तो दगड), मोठे डोळे, तोंडात विडा. इथला प्रसादही तांबूल: पान, सुपारी, बडीशेप, वेलदोडा, लवंग सगळं खलबत्त्यात कुटून केलेला गोळा. पायऱ्यांवर दुकानादुकानांतून कुटण्याचा ठाक-ठाक आवाज येत असतो. तो वासच माहूरचा.

उतरताना आई दमली म्हणून एका बांगडीवालीच्या दुकानापुढे बसलो. तिने बांगड्या भरता भरता माहूरची गोष्ट सांगितली. बापाच्या शब्दाखातर ज्या परशुरामाने आईचं डोकं उडवलं, तोच पुढे बापाचा देह कावडीत घालून आईला घेऊन इथे आला. इथे जमदग्नींना अग्नी दिला, रेणुका सती गेली. मग हा आई आई करत रडायला लागला. आकाशवाणी झाली की तुझी आई जमिनीतून वर येईल, पण तू मागे वळून बघू नको. याला धीर धरवला नाही. वळला. तोवर नुसतं तोंडच वर आलं होतं. तेवढंच राहिलं.

'पोरं घाई करतात,' आई म्हणाली.

'आईला वर यायला एवढा वेळ का लागावा?' मी म्हटलं.

बांगडीवाली मोठ्याने हसली. आई हसली नाही. हातातल्या हिरव्या बांगड्या फिरवत बसली. मग म्हणाली, 'हिला पण भरा दोन-दोन.' माझ्या हातात गेल्या कित्येक वर्षांत बांगडी नाही, घड्याळ असतं. भरून घेतल्या. एक चढताना फुटली आणि अंगठ्याला लागली. आईने पदराचं टोक थुंकीने ओलं करून रक्त पुसलं. मला इतकं अवघडल्यासारखं झालं की मी हात जरा लवकरच काढून घेतला.

दत्तशिखराला गाडी वरपर्यंत जवळ जाते. अनसूयेला चढ आहे, तिथे मी एकटीच गेले. माकडं भरपूर. माझ्या हातातला प्रसाद एका माकडिणीने नेला, पोटाशी पिल्लू होतं.

(माहूरला सकाळी लवकर पोचा, तिन्ही शिखरं एका दिवसात आरामात होतात. खाण्याची पिशवी हातात धरू नका. तांबूल ताजा घ्या आणि चार-पाच दिवसांत संपवा. रेल्वेने यायचं तर किनवट जवळचं.)

रात्री परत नांदेड. 31 डिसेंबर. रस्त्यावर फटाके, खोलीत आम्ही दोघी, भज्जीचा डबा रिकामा. बांगड्यांमुळे म्हणा, मी विषय काढला.

'लातूरला दोन वर्षांत तू एकदा आलीस.'

'दोनदा.'

'एकदा, आई. दिवाळीनंतर. मी मोजलंय.'

'दुसऱ्यांदा आले तेव्हा तू क्लासला होतीस. डबा ठेवून गेले.'

हे मला माहीतच नव्हतं. एका बुधवारी कॉटवर डबा होता खरा, मला वाटलं कंडक्टरने पाठवला.

'थांबायचं ना. मी सातला आले असते.'

'अर्धी रजा होती. चारची गाडी होती.'

'चिठ्ठी तरी लिहायची.'

'काय लिहायचं होतं?'

मी बोलले मग. पंचवीस वर्षांचं एकदम. माझ्या बाळंतपणात तू बाराव्या दिवशी निघून गेलीस, इथपासून बाबांच्या शेवटच्या रात्रीचं मला रांगेतल्या बाईकडून कळतं, इथपर्यंत. आवाज चढला. शेजारच्या खोलीतून कुणीतरी भिंतीवर टकटक केली. आई ऐकत होती, चष्मा पुसत. सगळं झाल्यावर म्हणाली, 'दिवा घालवते.' आणि घालवला. माझा राग कमी झाला नाही, वाढला. बारा वाजता बाहेर एकच गलका झाला आणि दोघीही जाग्या आहोत हे दोघींनाही कळत होतं.

चौथा दिवस: परत

पहाटे सहाला मी खाली गेले. कोपऱ्यावरच्या गाड्यावरून दोन कागदी कपांत चहा आणला. तिचा बिनसाखरेचा. आईने उठून बसत कप घेतला आणि म्हणाली, 'आलं जास्त आहे.' प्यायली मात्र सगळा.

परत येताना परभणी, परळी, अंबाजोगाई, केज, कळंब असं आलो. परळीला वैजनाथाचं दर्शन बाहेरूनच, नव्या वर्षाची रांग रस्त्यावर आली होती. अंबाजोगाईला योगेश्वरीचं दर्शन मात्र छान झालं, मंदिर जुनं आणि दगडी, आत गारवा. केजच्या पुढे आई आपणहून म्हणाली, 'गाणी होती ना तुझी?' लावली. दोन गाणी झाल्यावर झोपली, तोंड उघडं, मान माझ्या बाजूला. कळंबला गाडी हळू घेऊन खव्याचे पेढे घेतले, तरी उठली नाही.

(या भागात उसाच्या ट्रॅक्टरांपासून सांभाळा. डिसेंबर-जानेवारीत दोन-दोन ट्रॉल्या जोडलेल्या असतात आणि मागे दिवा असेलच असं नाही. अंधार पडायच्या आत पोचेल असा बेत करा.)

बार्शीत दिवेलागणीला पोचलो. मला लगेच पुण्याला निघायचं होतं. आई ओट्यावर बसली, वही काढली, बोटाने बेरीज केली, दोनदा. पाकिटातून नोटा काढल्या.

'तुझे 6,250 निघतात.'

इथे दरवेळी ठरलेला खेळ असतो. मी म्हणते काय हे आई, ती पैसे सीटवर टाकते, मी खिडकीतून परत देते, शेवटी कुणीतरी चिडतं. या वेळी मी हात पुढे केला. ती जराशी थबकली. मग नोटा दिल्या.

'मोजून घे.'

मी तिच्या शेजारी बसून मोजल्या. मोबाईलमधून माझेही आकडे काढले, लॉज, डिझेल, टोल.

'वीस जास्त आहेत.'

आईने वही परत उघडली. चष्मा लावला. पान उलटलं.

'नांदेडचा चहा,' म्हणाली. 'सकाळचा. तो लिहायचा राहिला होता, आता धरला.'